चौदा फुटी ॲल्युमिनियम बोटीवर मड मोटर: लुइझियानातलं एक प्रकरण

लुइझियानात अचाफलाया खोऱ्याच्या कडेला राहणाऱ्या माझ्या एका शेजाऱ्याकडे सपाट बुडाची चौदा फुटी ॲल्युमिनियम बोट आहे. रिवेट मारून जोडलेली, हलकी, बुडाशी ३६ इंच रुंद. हिवाळ्यात तो ती घेऊन बदकांच्या शिकारीला जातो. बोटीवर साधी आऊटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेरून टांगलेली मोटर होती आणि ती दर मोसमात गाळात अडकून त्याला वल्हं मारायला लावत असे. या वेळी त्याने ठरवलं की मड मोटरच, म्हणजे गाळात आणि उथळ पाण्यात चालणारी मोटर, बसवायची. मनात भरली होती ती २३ हॉर्सपॉवरची, पट्ट्यावर चालणारी मोटर. माझं शिक्षण आणि काम यंत्रांचं, म्हणून तो सल्ल्याला आला. शेवटी बोटीवर साडेसहा हॉर्सपॉवरचं लांब शेपटीचं यंत्र बसलं. तेवीसवरून साडेसहावर आम्ही का आलो आणि ते साडेसहासुद्धा नीट पेलावं म्हणून बोटीत काय काय बदललं, ते इथे सविस्तर मांडतो. अशा बोटींवर मोटर चढवणारे बहुतेक लोक मोटरीचाच विचार करतात. मला कळकळीने सांगायचं आहे ते बोटीच्या मागच्या उभ्या पाटीबद्दल, म्हणजे ट्रान्समबद्दल, आणि बोटीत वजन कुठे बसतं त्याबद्दल.

पाणी आणि मोटर

अचाफलाया हे अमेरिकेतलं सर्वांत मोठं नदीकाठचं दलदली जंगल. सायप्रस आणि टुपेलोची झाडं पाण्यातच उभी असतात. सायप्रसच्या मुळांचे गुडघ्याएवढे खुंट पाण्याच्या पातळीच्या जरा खाली लपलेले असतात. बदकं बसतात ती जागा वीतभर पाण्याची, खाली लोण्यासारखा मऊ गाळ आणि वर जलपर्णी. ही आपल्या ओळखीचीच जलपर्णी, मूळची दक्षिण अमेरिकेची. उजनीच्या फुगवट्यात किंवा पंचगंगेत तिचा हिरवा गालिचा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना इथलं पाणी वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

साध्या आऊटबोर्डचं अशा पाण्यात दोन ठिकाणी अडतं. तिचा पंखा आणि गिअरचा डबा बोटीच्या बुडाखाली वीतभर उतरलेला असतो, त्यामुळे बोट तरंगते पण मोटर रुतते. दुसरं म्हणजे ती थंड राहते ती बाहेरचं पाणी खेचून. पाणी घ्यायच्या जाळीवर पानं बसतात, गाळाने पंपाचं रबरी चक्र झिजतं आणि इंजिन तापतं. मड मोटरीत हे दोन्ही प्रश्न मुळातच निघून जातात. इंजिन हवेने थंड होणारं, शेतातल्या पंपावर किंवा जनरेटरवर असतं त्या जातीचं. त्याला पाण्याशी देणंघेणं नाही. पंखा मागे लांब शाफ्टच्या टोकाला असतो आणि हवा तेवढाच पाण्यात बुडवता येतो.

ही कल्पना मूळची आग्नेय आशियातली. थायलंडच्या कालव्यांमध्ये लांब शेपटीच्या होड्या कित्येक दशकं चालत आहेत. लुइझियानात वॉरेन कोको यांनी १९७७ साली बॅटन रूजमध्ये गो-डेव्हिल ही कंपनी काढली आणि बदकांच्या शिकाऱ्यांमध्ये हे यंत्र पसरलं.

आज त्याचे दोन घाट मिळतात. लांब शेपटीच्या घाटात इंजिनाच्या क्रँकशाफ्टला थेट लांब शाफ्ट जोडलेला असतो, सगळं एका रेषेत आणि एका खुंटीवर तोललेलं. दुसरा सरफेस ड्राइव्ह. त्यात इंजिन बोटीच्या मागे आडवं बसतं, पट्ट्याने शक्ती खाली उतरते आणि पंखा बुडाच्या पातळीशी, अर्धा पाण्याबाहेर फिरतो. हा दुसरा घाट वेगवान आणि वळायला सोपा, पण जड. २३ हॉर्सपॉवरचं असं यंत्र नव्वद-शंभर किलोच्या घरात जातं. साडेसहाचं लांब शेपटीचं यंत्र चाळीस-बेचाळीस किलोत बसतं.

फलकावरचे आकडे

अमेरिकेत वीस फुटांपेक्षा लहान बोटींवर कारखान्यातूनच क्षमतेचा फलक लावलेला असतो. किती माणसं, माणसं-मोटर-सामान मिळून किती वजन आणि जास्तीत जास्त किती हॉर्सपॉवर, ते त्यावर लिहिलेलं असतं. हा फलक ठोकळेबाज वाटतो, पण त्यामागे हिशोब आहे. बोटीची लांबी फुटांत, गुणिले ट्रान्समची रुंदी फुटांत. सपाट बुडाच्या, हाताने वळवायच्या अशा बोटीसाठी तो गुणाकार साडेबावन्नच्या वर असेल, तर त्याची निम्मी संख्या घेऊन पंधरा वजा करायचे आणि पुढच्या पाचाच्या पटीपर्यंत न्यायचं. या बोटीचा ट्रान्सम वरच्या बाजूला ५० इंच, म्हणजे साधारण ४.१७ फूट. चौदाने गुणल्यावर ५८ च्या वर येतात. त्याचे निम्मे २९, वजा पंधरा, उरले चौदा आणि काही. फलकावर १५ हॉर्सपॉवर लिहिलेलं होतं, ते बरोबर जुळलं.

मालकाचं म्हणणं असं की तेवीसची मोटर घेऊ आणि अर्ध्याच जोरात चालवू. हॉर्सपॉवरच्या आकड्यापुरता हा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण वजन अर्ध्या जोरावर अर्धं होत नाही. फलकावर माणसं, मोटर आणि सामान मिळून २४७ किलोची मर्यादा होती. आम्ही सगळं खरोखरच काट्यावर ठेवलं. मालक वेडर्स, म्हणजे छातीपर्यंतचे रबरी पँट-बूट, आणि जाड कोट घालून ९२ किलो. त्याचा शिकारीतला सोबती ८५. लॅब्रडॉर कुत्रा ३०. खऱ्या बदकांना भुलवायला पाण्यावर सोडायच्या नकली बदकांची पोती १५. बंदूक आणि काडतुसं ८. नांगर, काठी, जीवरक्षक जाकिटं आणि हत्यारं १४. मोठ्या मोटरीला पेट्रोलही जास्त लागतं, ते १८ धरलं आणि मोटर ९५. बेरीज ३५७. मर्यादेपेक्षा ११० किलो जास्त, आणि त्यातलं बरंच वजन बोटीच्या शेवटच्या हातभर जागेत.

सपाट बुडाच्या बोटीत हे पाण्यात किती उतरतं याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. या बोटीचं पाण्याला टेकणारं बूड साधारण ३.३ चौरस मीटर. म्हणजे दर ३३ किलोला बोट एक सेंटिमीटर बसते. रिकामी बोट ७३ किलोची. ३५७ किलो भार टाकला तर सरासरी तेरा सेंटिमीटर होतात. सरासरी ऐकून धीर येतो, पण भार मागे असतो, त्यामुळे मागचं टोक त्याच्या पुष्कळ खाली आणि पुढचं वर. ट्रान्समची उंची ३८ सेंटिमीटर. अचानक मोटर बंद केली की बोटीचीच मागून आलेली लाट पाटीवरून आत येते. जानेवारीच्या थंड पाण्यात, अंगात वेडर्स असताना, ही लाट माणसाला महागात पडते.

लांब शेपटीचं साडेसहा घेतलं तरी दोन माणसं, कुत्रा, सामान आणि मोटर मिळून २९५ किलो होत होते. हा आकडा काट्यावर दिसल्यावर मालक गप्प झाला, कारण साडेसहावर उतरण्याची तडजोड केली तरी सोबती बोटीत मावत नाही, हे त्यात स्पष्ट होतं. सोबती वगळून बेरीज २१०. निर्णय असा झाला की बोटीत मालक, कुत्रा आणि सामान. सोबत्याकडे स्वतःची पिरोग आहे, इथल्या केजन लोकांची अरुंद, वल्ह्याची होडी. तो ती घेऊन येईल. फार लांबचं ठिकाण असेल तर मालक आधी सामान आणि कुत्रा सोडून परत येईल आणि मग त्याला नेईल. मला या सगळ्या कामात हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यात एकही बोल्ट लागलेला नाही.

मालकाची आणखी एक इच्छा होती. मधला बाक कापून काढायचा आणि तिथे कुत्र्यासाठी फळी टाकायची. अशा बोटीत बाक हा नुसता बसायचा नसतो. तो दोन्ही बाजू एकमेकींपासून धरून ठेवतो आणि त्याच्या पोटात फोम भरलेला असतो. बोट पाण्याने भरली तरी उलटी न होता सपाट तरंगावी, यासाठी तो फोम असतो आणि कारखान्याला तो नियमानेच घालावा लागतो. बाक राहिला. मागच्या बाकातला फोम मात्र उपसून काढावा लागला, कारण तो इतक्या वर्षांत पाणी पिऊन जड झाला होता. नवा घालताना थर्माकोलच्या जातीचा टाळला, कारण पेट्रोलचे थेंब पडले की तो विरघळतो. बंद छिद्रांचा, पेट्रोलला दाद न देणारा फोम कापून दाबून बसवला. वर दिलेलं ७३ किलो हे त्यानंतरचं वजन आहे.

ट्रान्सम

इथे आम्ही सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता.

आऊटबोर्ड ट्रान्समला मागून चिकटून सरळ पुढे ढकलते. लांब शेपटीचं यंत्र ट्रान्समच्या वर उभ्या केलेल्या एका खुंटीवर डोलतं. त्याला उभं-आडवं दोन्हीकडे फिरायची मोकळीक असते. या खुंटीपासून पंखा १८५ सेंटिमीटर मागे आणि हाताची मूठ १२५ सेंटिमीटर पुढे. बागेतल्या सी-सॉसारखं हे आहे: दोन्ही टोकांवरचा भार मधल्या टेकूवर एकत्र येतो. समजा शेपूट एका खुंटाला बाजूने घासली आणि पंख्यापाशी वीस किलोचा आडवा जोर आला. तो तोलायला हाताला जवळजवळ तीस किलो लावावे लागतात. खुंटीवर पडतात पन्नास, आणि तेही ट्रान्समच्या वर पंधरा सेंटिमीटर उंचीवर, म्हणजे पाटीला पिळणारे. शिवाय पुढे ढकलणारा जोरही त्याच उंचीवर लागतो, त्यामुळे पाटीचा वरचा काठ बोटीच्या आत झुकू पाहतो. हलक्या बोटीचा पत्रा दीड मिलिमीटरच्या आसपास असतो. एकटा पत्रा हे सोसू शकत नाही. आतलं लाकूड आणि त्यामागचे आधार सोसतात.

लाकूड कसं आहे ते पाहायला पाटीवरची ॲल्युमिनियमची टोपी काढली. आतलं प्लाय खालच्या अर्ध्या भागात इतकं कुजलं होतं की स्क्रूड्रायव्हर दांड्यापर्यंत आत गेला. बाहेरून पाटी छान रंगवलेली होती आणि ठोकल्यावर आवाजही बरा येत होता. म्हणून सांगतो, जुनी बोट असेल तर टोपी काढल्याशिवाय मोटरीचा विचारच करू नका.

नवं लाकूड म्हणून पाऊण इंची मरीन प्लायचे दोन थर एपॉक्सीने, म्हणजे सुकल्यावर दगडासारखा घट्ट होणाऱ्या चिकट रसायनाने, चिकटवून ३८ मिलिमीटरची फळी केली. कडा आणि दोन्ही तोंडं एपॉक्सीने बंद केली. लाकडाच्या दुकानात कुजण्यावर इलाज म्हणून औषध मुरवलेलं हिरवट लाकूड स्वस्तात मिळतं आणि बरेच जण तेच घालतात. ॲल्युमिनियमच्या बोटीत ते कधीही घालू नये. त्या औषधात तांबं असतं. ओलाव्यात तांबं आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, पत्र्याला आतून भोकं पडतात आणि ती दिसतात तेव्हा उशीर झालेला असतो.

बोल्टची भोकं पाडायची पद्धतही सांगण्यासारखी आहे. आधी लागतं त्यापेक्षा मोठं भोक पाडायचं, ते घट्ट एपॉक्सीने पूर्ण भरायचं, सुकल्यावर त्याच्या मधोमध बोल्टच्या मापाचं भोक पाडायचं. बोल्टभोवती लाकूड न राहता एपॉक्सीची नळी राहते. पुढे सीलंट, म्हणजे फटी बुजवणारा लेप, फाटलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. बोल्ट स्टेनलेसचे, तीन अष्टमांश इंची, आरपार. आतल्या बाजूला सहा मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी पाटीच्या जवळजवळ पूर्ण रुंदीची, म्हणजे दाब चार बिंदूंवर न येता सगळीकडे पसरतो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम यांचंही फारसं पटत नाही, म्हणून मध्ये नायलॉनचे वॉशर आणि पेचांवर ग्रीससारखी पेस्ट. सीलंट मुद्दाम असं घेतलं जे पुढे सोडवता येतं. कायमचं चिकटणारं सीलंट मिळतं आणि त्याचं कौतुकही खूप होतं, पण मोटरीचा कंस कधी तरी उतरवावा लागणारच असतो.

फळी आणि पट्टी झाली तरी पाटीचा वरचा काठ आत झुकायचा राहत नाही. त्यासाठी आतून दोन तिरके टेकू दिले. दीड इंची चौकोनी ॲल्युमिनियम नळी, वरचं टोक पाटीमागच्या पट्टीला, खालचं टोक बुडाच्या आडव्या फासळ्यांना. फासळ्यांना म्हणजे फासळ्यांनाच. बुडाच्या पत्र्यात एकही नवं भोक पाडलं नाही. दोन्ही कोपऱ्यांत, जिथे पाटी बाजूच्या पत्र्याला मिळते, तिथे त्रिकोणी पत्रे रिवेट केले.

वेल्डिंगचा पर्याय होता. जवळचा एक वेल्डर तयारही होता. मी नको म्हटलं. इतक्या पातळ पत्र्यावर वेल्ड करताना तो जळून भोक पडायचा धोका असतो, उष्णतेने शेजारचा भाग मऊ होतो आणि बाकाखाली फोम भरलेला. रिवेटची बोट रिवेटनेच दुरुस्त झालेली बरी.

मग बोट ट्रेलरवर असतानाच आत चार बोटं पाणी भरलं आणि खाली वाकून पाहिलं. दोन जुने रिवेट ठिबकत होते. खडूने खुणा केल्या, पाणी काढलं, रिवेट बदलले.

कोन

आपल्या घरच्या घरी बसवणाऱ्यांना ट्रान्समच्या उंचीचं महत्त्व फार उशिरा कळतं. छोट्या लांब शेपटीच्या यंत्रात शाफ्ट क्रँकशी थेट सरळ रेषेत असतो. शेपूट जेवढी खाली झुकते तेवढंच इंजिन मागे कलतं. ही छोटी इंजिनं तेल पंपाने फिरवत नाहीत. पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या तळाशी असलेली चमची तेलात बुडून ते उडवते. इंजिन फार कललं की तेल एका बाजूला जातं आणि चमची कोरडी फिरते. होंडाच्या या जातीच्या इंजिनांच्या पुस्तिकेत वीस अंशांची मर्यादा दिलेली असते. आम्ही २१२ सीसीच्या त्याच घडणीच्या इंजिनाला ती मर्यादा मानली.

हिशोब असा. ट्रान्सम ३८ सेंटिमीटर, वर खुंटी १५, मिळून ५३. मागचं टोक पाण्यात १२ सेंटिमीटर बसतं, म्हणून खुंटी पाण्यापासून ४१ वर. पंखा पाण्याखाली १५ हवा. एकूण उतार ५६ सेंटिमीटर आणि खुंटी ते पंखा अंतर १८५. कोन साडेसतरा अंशांच्या आसपास येतो. चालतं. हीच बोट वीस इंची ट्रान्समची असती, तर उतार ६९ आणि कोन बावीसपर्यंत गेला असता. तेव्हा काठ कापून खाली घ्यावा लागला असता किंवा जास्त लांब शेपटीचं यंत्र शोधावं लागलं असतं. मोटर विकत घेण्याआधी एक फूटपट्टी आणि एक कॅलक्युलेटर एवढंच लागतं.

या इंजिनांत तेल कमी झालं की इंजिन आपोआप बंद करणारा सेन्सर असतो. बोट हिंदकळली की तो उगाच इंजिन बंद करतो, म्हणून मड मोटरवाले त्याची वायर सर्रास काढून टाकतात. इथे मालकाला भर दलदलीत मोटर बंद पडणं परवडणारं नव्हतं, म्हणून आम्हीही ती काढली, पण एका अटीवर: निघण्याआधी बोट सपाट असताना तेलाची कांडी पाहायची, दर वेळी. ही सवय ज्याला लावून घ्यायची नसेल त्याने सेन्सरला हात लावू नये.

क्लच नसलेलं यंत्र

या यंत्राला न्यूट्रल नाही, रिव्हर्स नाही. दोरी ओढली की इंजिनासोबत पंखा फिरायला लागतो. पट्टीचे शिकारी शेपूट पाण्याबाहेर उचलून, मागे कुणी नाही हे पाहून मगच सुरू करतात. फिरता पंखा बोटीच्या मागे दोन मीटरवर असतो. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला तो तिथे असेल असं वाटतही नाही. वेगानुसार पकडणारा क्लच लावता येतो, पण गाळात हळू रेटताना तो घसरत राहतो आणि तापतो, शिवाय वजन वाढतं. मालकाला मी तो न लावण्याचा सल्ला दिला. कुत्र्याची जागा मात्र पुढे पक्की केली.

मनगटाला किंवा जाकिटाला बांधायची, ओढली की इंजिन बंद करणारी दोरी मात्र मी अटीसारखी घातली. जनरेटरच्या जातीच्या इंजिनावर ती नसते, वेगळी बसवावी लागते. दोन वायरी आणि एक स्विच, इतकं साधं काम. १ एप्रिल २०२१ पासून अमेरिकेच्या संघीय कायद्याने, तीन किंवा जास्त हॉर्सपॉवरच्या आणि २६ फुटांपेक्षा लहान बोटीत असा स्विच बसवलेला असेल, तर वेगात जाताना चालवणाऱ्याने ती दोरी अडकवलेली असणं बंधनकारक आहे. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. लांब शेपटीचा पंखा खुंटावर चढला की शेपूट वर उडते, मूठ खाली आपटते, आणि उभ्याने चालवणारा माणूस सहज पाण्यात जातो. हँडलने वळवायच्या मोटरीच्या सोळा फुटांखालच्या बोटीत, ती चालत असताना, सगळ्यांनी जीवरक्षक जाकीट घातलेलं असलं पाहिजे असा लुइझियानाचा नियमही आहे. वेडर्सवरून बसेल अशा मापाचं जाकीट नवं घेतलं. कानात बोळे घालायचे हेही ठरलं. हवेने थंड होणारं उघडं इंजिन हातभर अंतरावर तासभर ऐकणं कानांना झेपत नाही.

पाण्यात

पहिली धाव खोल, मोकळ्या कालव्यात घेतली, सामानाऐवजी पाण्याचे कॅन ठेवून. सुरुवातीला बोटीचं नाक खाली जायला लागलं. वेग वाढवावा तसं ते पाणी कापत आणखी खाली दबे आणि बोट डावी-उजवी भरकटे. कारण स्पष्ट होतं. शाफ्ट साडेसतरा अंश खाली झुकलेला असल्यामुळे पंखा बोटीला पुढे ढकलतो तसाच थोडा वरही उचलतो, तेही अगदी मागच्या टोकापाशी. मागचं टोक वर, म्हणून पुढचं खाली. सरफेस ड्राइव्हवाल्यांचा सल्ला असतो की जड सामान होईल तेवढं पुढे सरकवा. तो सल्ला त्यांच्या जड मोटरींसाठी योग्य आहे. लांब शेपटीसाठी बोट उभी असतानाचा तोल पाहून चालत नाही, चालत्या बोटीचा पाहावा लागतो. पेट्रोलची टाकी पुढच्या टोकातून मधल्या बाकाजवळ आणली, नकली बदकांची पोतीही मागे घेतली. पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जी पंख्याला हवा खेचू देत नाही आणि त्याची खोलीही राखते, तिचा कोन जरासा बदलला. नाक वर आलं.

दुसरी तक्रार हाताची होती. पंखा एकाच दिशेने फिरतो, त्यामुळे मूठ सतत एका बाजूला ओढते. पंख्याखालच्या उभ्या पात्याची मागची कड पकडीने किंचित वाकवली. ओढ पूर्ण गेली नाही, पण एका हाताने सरळ जाता येईल इतकी कमी झाली.

भार २१० किलो असताना जीपीएसवर वेग ताशी बारा-तेरा किलोमीटर दिसला. मालकाच्या डोक्यात तेवीस हॉर्सपॉवरचा वेग असल्यामुळे चेहरा जरा पडला. मग आम्ही जलपर्णीत शिरलो. आऊटबोर्ड जिथे दर शंभर फुटांवर थांबवून साफ करावी लागायची, तिथे दोन पात्यांचा हा पंखा पानं चिरत गेला. वीतभर पाण्यात आणि त्याखालच्या गाळात बोट हळू झाली, पण थांबली नाही. एकदा पंख्याभोवती मुळांचा गुंता बसला. इंजिन बंद करून शेपूट उचलून बोटीत घेतली आणि बसल्या जागी काढला. पाण्यात उतरावं लागलं नाही.

किनाऱ्यावर आल्यावर जलपर्णीचा प्रत्येक तुकडा बोटीवरून आणि ट्रेलरवरून काढला, तळाचं बूच काढून पाणी जाऊ दिलं. एका तळ्यातली वनस्पती ट्रेलरवरून दुसऱ्या तळ्यात जाते आणि तिथलं पाणी झाकते. अशा बोटी जितक्या आत जातात तितकी ही जबाबदारी वाढते.

शिकारीच्या नियमाचाही बसवणीशी संबंध आहे. स्थलांतरित पक्ष्यांवर मोटरबोटीतून गोळी झाडायची असेल तर मोटर पूर्ण बंद हवी आणि मोटरीने आलेली बोटीची गती थांबलेली हवी, असा संघीय नियम आहे. म्हणून इंजिन बंद करायचा स्विच मुठीवरच, अंगठ्याखाली बसवला आणि थांबल्यावर गाळात रोवायची काठी हाताशी येईल अशी बाजूच्या काठावर अडकवली. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशी शिकार करता येत नाही. तरीही उथळ आणि जलपर्णीने भरलेल्या पाण्यात मासेमारीसाठी, पक्षीगणनेसाठी किंवा पुरात माणसं काढण्यासाठी बोट न्यावी लागते, तिथे पाटीचा आणि कोनाचा हा सगळा हिशोब जसाच्या तसा लागू पडतो.

मोसम अर्धा झाल्यावर पाटी पुन्हा उघडून पाहिली. फळी कोरडी होती, बोल्टभोवती काळपटपणा नव्हता. डाव्या टेकूच्या खालच्या टोकाशी एक रिवेट सैल झाला होता. मूठ ज्या बाजूला ओढते त्याच बाजूचा तो होता, म्हणून तिथे रिवेटऐवजी बोल्ट घातला आणि त्याच फासळीला खालून नव्हे तर बाजूने एक पट्टी जोडली. शेपटीच्या टोकाच्या बेअरिंगमधलं ग्रीस दुधाळ झालं होतं, म्हणजे सीलमधून पाणी शिरत होतं. सील बदललं आणि प्रत्येक फेरीनंतर, यंत्र गरम असतानाच, नवं ग्रीस दाबायचं असं ठरलं. ग्रीसची बंदूक आता बोटीच्या चौदा किलो सामानातच असते.

सोबत्याची पिरोग ओढून न्यायची कल्पना मालकाने मांडली आहे. लांब शेपटीमागे दोर बांधून होडी ओढायला माझा विरोध आहे, कारण दोर सैल पडला की तो थेट पंख्यात जाईल. त्याऐवजी पुढच्या मोसमात पिरोग बाजूला, मधल्या बाकाच्या रेषेत घट्ट बांधून नेता येते का, ते मोकळ्या कालव्यात रिकाम्या होडीने पाहायचं आहे.